आधी सांग, ओरडणार नाहीस ना?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलीस मुख्यालयात सायबर जनजागृती महिन्याचं उद्घाटन झालं, तेव्हा अक्षय कुमारनं स्टेजवरून स्वतःच्या घरातलीच गोष्ट सांगितली. त्याची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती, अनोळखी माणसांबरोबर खेळता येतं तसला. समोरचा आधी गोड बोलला, मस्त खेळतेस वगैरे, मग कुठली आहेस, मग मुलगा की मुलगी, आणि मग थेट कपड्यांशिवायचे फोटो पाठव. पोरीनं सगळं बंद केलं आणि जाऊन आईला सांगितलं. हे सांगून त्यानं मुख्यमंत्र्यांकडं मागणी केली की सातवी ते दहावीला दर आठवड्याला एक सायबर पिरियड ठेवा. दुसऱ्या दिवशी बातम्यांत, ग्रुपवर, सगळीकडं चर्चा कशाची तर सायबर पिरियडची, कोण शिकवणार, मार्क असणार का, पुस्तक निघणार का. मला मात्र त्या गोष्टीतलं खरं महत्त्वाचं वाक्य 'जाऊन आईला सांगितलं' हेच वाटतं, आणि त्यावर फारसं कुणी बोललंच नाही.

कारण आपल्याकडं किती पोरं अशी जाऊन सांगतील? प्रामाणिकपणे विचार करा. पोरगं काही सांगायला आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी सांग, ओरडणार नाहीस ना?" डबा हरवलेला असो, टेस्टमध्ये मार्क गेलेले असोत, शेजारच्यांची काच फुटलेली असो. म्हणजे पोरं तोंड उघडायच्या आधी हिशोब करतात, सांगितलं तर काय होईल आणि नाही सांगितलं तर काय होईल. मोबाइलच्या बाबतीत हा हिशोब पहिलीतलं पोरगंसुद्धा करू शकतं, कारण उत्तर एकच आहे, सांगितलं की मोबाइल गेला. जेवत नाहीस, थांब मोबाइल काढून घेते. अभ्यास झाला नाही, मोबाइल बंद. ताईला मारलंस, आण इकडं मोबाइल. घरातल्या प्रत्येक गुन्ह्याला आपण हीच एक शिक्षा ठेवलीय, आणि मग अपेक्षा अशी की मोबाइलमध्येच काही घाण घडलं तर पोरानं तो मोबाइल स्वतः आपल्या हातात आणून द्यावा.

आणि समोरच्या माणसाला हे आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. मुलांना गळाला लावणारे लोक हमखास हेच बोलतात, घरी सांगितलंस तर तुलाच ओरडतील, तुझाच फोन काढून घेतील बघ. त्याच्याकडं पोराचा एखादा फोटो असेल नसेल, पण पोराच्या मनात घरच्यांची भीती आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि त्याचं सगळं काम त्या भीतीवरच चालतं. फोटो नंतर येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पिरियड, अ‍ॅप, बंदी, कायदा हे सगळं नंतर बघू, आधी घरात एक गोष्ट पक्की ठरवा आणि पोराला तोंडानं बोलून सांगा. ऑनलाइन काही विचित्र झालं आणि तू येऊन सांगितलंस तर मोबाइल काढून घेणार नाही, मारणार नाही, बाबांना लगेच फोन लावून तमाशा करणार नाही, आणि "पण तू गेलीसच कशाला तिथं" हे तर अजिबात म्हणणार नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. चापट एकवेळ आवरता येते, 'कशाला गेलीस' आपोआप तोंडातून निघतं.

यावर लोक म्हणतात, मग काय पोरांना मोकाट सोडायचं का, दिवसभर रील बघत बसू दे का. अहो, ती भांडणं वेगळी आहेत. किती वेळ बघायचं, जेवताना बघायचं नाही, रात्री मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला राहणार, हे नियम करा आणि कडक करा, पोरं कटकट करतील, करू देत. पण वेळ मोडल्याची शिक्षा आणि संकट सांगितल्याची शिक्षा एकच ठेवली की पोराला दोन्हींतला फरक कळत नाही. आपणच तो पुसून टाकलेला असतो.

आता दुसरी गोष्ट, जी मला पिरियडवाल्यांपेक्षाही आपल्या आजीआजोबांच्या काळापासूनच्या संस्कारांशी जास्त जोडलेली वाटते. पाहुणे आले की आपण काय करतो? ये बाहेर, काकांना नाव सांग, कितवीत आहेस सांग, शाळेचं नाव सांग, ती कविता म्हणून दाखव, जा काकांना पापी दे. पोरगं आईच्या मागं लपलं तर सगळे हसतात, लाजाळू आहे म्हणतात, नाहीतर 'मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं असतं' असं दटावतात. म्हणजे पाच वर्षं आपण त्याला एकच शिकवलेलं असतं की मोठं माणूस विचारतंय ना, मग नाव, गाव, शाळा, इयत्ता सगळं पटापट सांग आणि मागितलं तर गालही पुढं कर. आणि सहाव्या वर्षी त्याच पोरानं गेममधल्या अनोळखी माणसाला नाव गाव सांगू नये असं आपल्याला वाटतं! नाही म्हणायची सवय हॉलमधल्या काकांपासून लावायला लागते. "नको वाटतंय तर पापी नको देऊस, नुसता टाटा कर" हे आईनं काकांच्या तोंडावर म्हणायला लागतं, काकांना राग आला तर येऊ दे. त्यात कॉम्प्युटरचा संबंध शून्य आहे पण ऑनलाइन सेफ्टीचा पहिला धडा तोच आहे असं मला पक्कं वाटतं.

माझा भाचा तिसरीत आहे. दिवाळीत तो सोफ्यावर उलटा लोळत गेम खेळत होता, मी शेजारी चकल्या डब्यात भरत होते, सहज नजर गेली तर स्क्रीनच्या कोपऱ्यात चॅट चाललेलं. समोरून आलं, ब्रो कौनसी क्लास. ह्यानं लगेच टाइप केलं, थर्ड. स्कूल? तेवढ्यात मी म्हटलं, कोण रे हा? "फ्रेंड आहे." नाव काय फ्रेंडचं? नावाच्या जागी डेव्हिल आणि पुढं चार आकडे. कधीपासून फ्रेंड? "कालपासून." अगदी निरागसपणे, जसं काही कालपासूनची मैत्री पुरेशी जुनी असते, आणि त्याच्या वयात असतेच म्हणा, बागेत दहा मिनिटं घसरगुंडीवर बरोबर खेळलं की तो फ्रेंड होतो. आता इथं मी त्याला 'अनोळखी माणसांशी बोलू नये' म्हटलं असतं तर त्याच्या डोक्यात ते बसलंच नसतं, कारण त्याच्या लेखी तो अनोळखी नव्हताच. मी त्याला एकच सांगितलं, हे बघ, कुणी जर म्हणालं की हे आईला सांगू नकोस, तर तेच आईला आधी येऊन सांगायचं, कुणीही असू दे, फ्रेंड, दादा, सर, कुणीही. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मावशी, पण आईच्या बर्थडेचं सरप्राइज असेल तर?" मला एक मिनिट काही सुचेना. मग म्हटलं, सरप्राइज कधीतरी फुटतं ना, तारीख ठरलेली असते, शेवटी सगळे हसतात. कधीच कुणालाच सांगायचं नाही असं असेल, तर ते सरप्राइज नाही. हे त्याला पटलं. पटलं म्हणजे तो परत खेळायला लागला, पण नंतर जेवताना स्वतःच आईला सांगत होता की डेव्हिलनं शाळेचं नाव विचारलं होतं.

सांगायचा मुद्दा, तो तिसरीत आहे. पिरियड सातवीपासून. सातवीतलं पोरगं साधारण बारा वर्षांचं असतं आणि तोपर्यंत त्याच्या हातात मोबाइल येऊन सात-आठ वर्षं झालेली असतात, काहींच्या तर पहिल्या दातापासून. ज्या पोरांना अजून वाचता येत नाही ती माइकचं चिन्ह दाबून बोलून शोधतात, जेसीबीवाले व्हिडिओ, डायनासोर, काय ते. एक संपला की दुसरा आपोआप सुरू, तिसरा कुठला लागेल हे कंपनी ठरवणार. २०१७ मध्ये यूट्यूबवर ओळखीच्या कार्टूनची चित्रं वापरून भलतेसलते, रक्तबंबाळ, घाणेरडे व्हिडिओ छोट्या मुलांपर्यंत पोचत होते हे उघड झालं तेव्हा कंपनीनं बरेच चॅनल काढून टाकले होते. ते बघणारी पोरं सातवीतली नव्हती, बालवाडीतली होती.

आणि आपल्या घरांमधली अजून एक गंमत, मोबाइल आईचा असतो. पोराचं स्वतःचं अकाउंट नसतंच, ते आईच्या यूट्यूबवर, आईच्या इन्स्टावर, बाबांच्या गेमिंग अकाउंटवर. म्हणजे कंपनीच्या लेखी जेसीबीचे व्हिडिओ बघणारी व्यक्ती चौतीस वर्षांची बाई आहे. आपल्याकडं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, त्यात अठराच्या आतल्या मुलांचा डेटा घ्यायचा तर पालकांची खात्रीशीर संमती हवी, मुलांचा पाठलाग करणाऱ्या जाहिराती नकोत असं लिहिलंय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातलं बरंचसं अजून टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचंय. कायदा चांगलाच आहे. पण ज्या घरात पोरगं आईच्या नावानं फिरतंय तिथं कंपनीला पोरगं दिसणारच नाही, मग संमती कुणाची आणि कशाची? एवढं एक तरी करा, पोराचं वेगळं अकाउंट काढा, खरी जन्मतारीख टाका. तेरा वर्षांचा नियम आहे म्हणून आईबापच बसून जन्मसाल मागं ढकलून अकाउंट उघडून देतात, हे मी किती घरांत बघितलंय, आणि वर पोराला सांगायचं ऑनलाइन खोटं बोलू नये.

बंदीचं काय, हा प्रश्न हल्ली प्रत्येक चर्चेत येतो कारण ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांना सोशल मीडियाचं अकाउंट ठेवायला बंदी केली. आपल्याकडं लगेच, बघा, असं पाहिजे. पण त्या कायद्यात दंड कुणाला आहे ते कुणी वाचत नाही. पोराला नाही, आईबापाला नाही, कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडं बंदी म्हटली की ती पोरांवर येते. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये ठराव केला की अठराच्या आतल्यांनी मोबाइल वापरायचा नाही. त्यामागची तळमळ मला समजते, लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी म्हणून मोबाइल दिले आणि नंतर ते हातातून सुटलेच नाहीत, गावोगाव हेच रडगाणं होतं. पण अठराव्या वाढदिवसाला एकदम जग हातात देणार आणि तोपर्यंत काहीच शिकवणार नाही, ह्यातून काय निघणार? शिवाय चोरून वापरणारं पोरगं संकटात सापडलं तर ते तर मेलं तरी सांगणार नाही, कारण सांगणं म्हणजे आधी ठराव मोडल्याची कबुली.

त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा प्रकार मला जास्त आवडला. त्याच वर्षी, २०२२ लाच, त्यांनी रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली, दीड तास टीव्ही मोबाइल बंद, साडेआठला परत भोंगा. बंद सगळ्यांचं. पोरं अभ्यासाला बसणार आणि आईची सिरियल पण बंद, बापाचं स्क्रोलिंग पण बंद. आता भोंग्यानं ऑनलाइन धोके टळत नाहीत, तो वेळेचा उपाय आहे, हे मान्य. पण नियम मोठ्यांना पण लागू आहे हे पोरांनी डोळ्यांनी बघितलं, आणि दीड तास घरात माणसं एकमेकांसमोर बसली, मग एखादं पोरगं काहीतरी सांगेल तरी.

भीती घालण्याबद्दल पण बोलायला पाहिजे, कारण आपल्या जनजागृतीचा निम्मा भाग तोच असतो. २०१७ चा ब्लू व्हेल आठवतोय का, पोरांना स्वतःला इजा करायला लावतो म्हणून गाजलेला तो ऑनलाइन गेम? शाळांमधून सूचना आल्या, टीव्हीवर रात्रंदिवस तेच, आया पोरांचे हात उलटेपालटे करून ब्लेडच्या खुणा शोधत होत्या. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या घटनांपैकी कुठल्याच घटनेत त्या गेमचा संबंध सिद्ध झाला नाही. पण तोपर्यंत पोरांना त्या नावाचं इतकं कुतूहल लावून दिलं होतं आपण की ज्यांना माहीत नव्हतं ते पण शोधायला लागले. आणि घाबरवून घाबरवून काय मिळालं, तर पोरांना वाटायला लागलं की ऑनलाइन काही झालं म्हणजे फार भयंकर झालं, आता सांगायची सोयच नाही.

पोरांना 'सगळं खरं मानू नका' शिकवणारे आपण स्वतः कसे आहोत याचं उत्तर तर महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ ला दिलंय. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला भटक्या दावरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं, कशावरून, तर मुलं पळवणारी टोळी आलीय असे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे मेसेज. मारणारी मोठी माणसं, आणि निमित्त काय तर पोरांची सुरक्षितता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. त्यामुळं आजोबांनी फॅमिली ग्रुपवर काही टाकलं की चौथी-पाचवीतल्या नातवाला शेजारी बसवा, हे खरं आहे का शोधून दे म्हणा, फोटो जुना आहे का, बातमी कुठं आलीय का. नातू शिकेल आणि आजोबा पण, आणि आजोबांना तो अपमान वाटत नाही, उलट नातवाचं कौतुक ते दोन दिवस सांगत फिरतात.

आता मुलींबद्दल. हा भाग मला कुठल्याच सायबर लेक्चरमध्ये ऐकायला मिळत नाही. वर मी 'मोबाइल जाईल' ही भीती म्हटली ती मुलग्यांची भीती आहे. गावाकडं नववीतल्या मुलीच्या डीपीवरून कुणी फोटो उचलला, त्याचं खोटं अकाउंट काढलं, घाण काहीतरी लिहिलं, तर तिनं घरी सांगितल्यावर काय काय जातं? मोबाइल जातो, तो तसाही बहुतेक भावाचाच असतो. मग क्लास जातो. मग शाळेला एकटी जायचं नाही. मग चुलता म्हणतो, स्थळं बघायला लागा, पोरीचं नाव झालं. चूक कुणाची, शिक्षा कुणाला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं निघालं होतं, म्हणजे ही काही हवेतली भीती नाही. अशा मुलीला 'न घाबरता पुढे या' असं पोस्टरवर लिहून काय उपयोग, ती घाबरते ते त्या खोट्या अकाउंटवाल्याला कमी आणि घरच्या मीटिंगला जास्त. त्यामुळं मुलींच्या बाबतीत ऑनलाइन सुरक्षिततेचं शिक्षण द्यायचं असेल तर ते आधी बापाला, भावाला आणि चुलत्याला द्यायला लागेल.

आणि तांत्रिक गोष्टी तरी कुठं सगळ्यांना येतात. असरची २०२४ ची पाहणी बघा, प्रथम संस्था गावोगाव घरी जाऊन पोरांच्या शिक्षणाची करते ती. १४ ते १६ वयाची ग्रामीण भागातली जी पोरं सोशल मीडिया वापरतात त्यांच्यातल्या साधारण ६२ टक्क्यांना एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं ते येतं, प्रोफाइल प्रायव्हेट करणं ५५ टक्क्यांना, आणि मुली यात मुलांच्या मागं. रील एडिट करून गाणं लावायला येतं, ब्लॉक करायला येत नाही. ह्यात नवल काही नाही, गाणं लावायला मैत्रिणीनं शिकवलं, ब्लॉक करायला कुणी शिकवलंच नाही. पाच मिनिटांचं काम आहे हे, पोराच्याच मोबाइलवर त्याच्याच हातानं करून घ्यायचं. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आपण तालुक्याला जातो, तेवढा वेळ इथं द्यायला काय हरकत आहे.

पण त्याहून मोठी चूक अशी होते की आपण सगळं शिक्षण 'बळी पडू नका' ह्या बाजूनं देतो. जणू समोरचा कुणीतरी परदेशात अंधाऱ्या खोलीत बसलेला हूडीवाला. तो बऱ्याचदा त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनमधल्या आल्मेंद्रालेखो नावाच्या गावात वीसच्या वर मुलींचे एआय अ‍ॅप वापरून बनवलेले नग्न फोटो फिरले, काही मुली अकरा वर्षांच्या, आणि बनवणारी-फिरवणारी ओळखीचीच पोरं निघाली. पुढच्या वर्षी पंधरा अल्पवयीन मुलांना कोर्टानं दोषी ठरवलं. तसली अ‍ॅप आपल्याकडं पण पोरांच्या हातात आहेत, फोटो इन्स्टावर आहेतच. म्हणजे वर्गात ज्या मुलीला 'फोटो टाकू नकोस' म्हणून सांगतो त्याच वर्गातल्या मुलाला 'कुणाच्या फोटोशी खेळायचं नाही, ग्रुपवर आलं तर पुढं ढकलायचं नाही, गंमत म्हणून सेव्ह पण करायचं नाही' हे कोण सांगतं? त्याला हा गुन्हा आहे हेच माहीत नसतं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, आयटी कायद्यात पण वेगळं कलम आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की मुलांचं असं साहित्य नुसतं मोबाइलमध्ये ठेवून देणं हेसुद्धा गुन्ह्यात येऊ शकतं. बापाला विचारा हे माहीत आहे का. बाप स्वतःच मित्रांच्या ग्रुपवर काय काय फॉरवर्ड करत असतो.

काही झालंच तर काय करायचं हे पण थोडक्यात सांगून टाकते, नाहीतर नुसतं बोलून झालं असं होईल. चॅट डिलीट करू नका, घाबरून सगळे पुसूनच टाकतात. समोरच्याचं प्रोफाइल, नंबर, धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढा, पण मुलाचा तसला फोटो असेल तर तो पुरावा म्हणून काकाला, सरांना, ओळखीच्या पोलिसाला पाठवत बसू नका, तो अजून पसरतो. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, पोरगं स्वतः पण लावू शकतं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर मुलांच्या लैंगिक छळाची तक्रार नाव न सांगता करता येते. पैसे गेले असतील तर १९३०, आणि लवकर, जितका उशीर तितके पैसे लांब गेले. आणि टेक इट डाऊन नावाची एक फुकट सेवा आहे, अठराच्या आत असताना काढलेल्या फोटोंसाठी. त्यात फोटो कुठं पाठवायचा नसतो, तो मोबाइलमध्येच राहतो, त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होतो आणि जी अ‍ॅप त्यात सामील आहेत ती त्या ठशावरून फोटो ओळखून काढायचा प्रयत्न करतात. हे सातवीतल्या मुलीला आधी माहीत असलं तर फोटो फुटला म्हणजे आयुष्य संपलं असं तिला वाटणार नाही, काहीतरी करता येतं एवढं तरी कळेल.

राहिले आपण टाकलेले फोटो. जूनमध्ये शाळा सुरू झाली की बघा, नवीन दप्तर, नवीन युनिफॉर्म, मागं शाळेच्या नावाची पाटी, खाली कॅप्शनमध्ये पोराचं पूर्ण नाव आणि इयत्ता. शाळा पण मागं नाहीत, स्नेहसंमेलनाचे फोटो नावासकट पेजवर. तुझी माहिती कुणाला देऊ नको म्हणून ज्या पोराला सांगतो त्याची सगळी माहिती आपणच दिलेली असते. फ्रान्सनं २०२४ मध्ये कायदाच केला की मुलाचा फोटो हा मुलाचा हक्क आहे आणि आईबापांनी तो जपायचा. आपण निदान विचारायला तरी सुरुवात करू, "टाकू का हा?" पाच वर्षांचं पोरगं नको म्हणालं तर टाकायचा नाही, कितीही गोड आला असला तरी. माझ्या बहिणीला हे अजून जमलेलं नाही, भाच्यानं एकदा नको म्हटल्यावर तिनं तो फोटो स्टेटसला ठेवला, म्हणे स्टेटस काय चोवीस तासात जातं.

तर सायबर पिरियड. माझा विरोध नाही, ठेवा. फक्त तो हॉलमध्ये तीनशे पोरं कोंबून, स्क्रीनवर हॅकरचं चित्र, सव्वा तास पीपीटी, शेवटी 'काही प्रश्न?' आणि मग पेपरला फोटो, असा नको. तीनशे पोरांसमोर हात वर करून कोण सांगणार आहे की मला एक माणूस फोटो मागतोय. त्यापेक्षा परिपाठात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, पहिलीपासून, वर्गशिक्षकानंच. आणि शाळांमध्ये तक्रारपेटी असते, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती पण २०२२ पासून असायलाच पाहिजे. ती पेटी कुठं लावलेली असते ते जरा जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी ऑफिसच्या दारात, हेडसरांच्या खुर्चीसमोर, कुलूप गंजलेलं. ती जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीजवळ हलवायला जीआर लागत नाही. आणि पहिला पिरियड घ्यायचाच तर पोरांच्या आधी जूनच्या पालकसभेत घ्या, आणि नोटीस काढताना त्यात स्पष्ट लिहा की वडिलांनी यायचंय, कारण नुसतं पालक लिहिलं की सभेला फक्त आया येतात.